परतीचं कलम

लिंबाचं पान उन्हाशी धरायला दोन बोटं पुरतात. पान कोवळं हवं, पूर्ण उघडलेलं पण अजून घट्ट न झालेलं. आपलं तोंड सूर्याकडे, मध्ये पान. निरोगी पानाच्या शिरा सगळीकडे सारख्या हिरव्या दिसतात. रोगी पानात त्या मध्येच तुटतात. तिथून उजेड आरपार येतो, कागदाला तेलाचा थेंब लागावा तसा. झाड त्या वेळी वरून छान दिसत असतं.

तै महिन्यात, म्हणजे पोंगलाच्या सुमाराला, मी अजून ही तपासणी करते. यंदा तंजावुरात आले तेव्हा शेजारच्या गच्चीवरच्या कुंडीत लिंबाला नवी पालवी फुटली होती आणि पालवीच्या मानेशी मावा बसला होता. काळपट तपकिरी, मोहरीएवढा, दाटीवाटीनं. पाऊस संपून गारवा आला की पालवी येते, पालवी आली की मावा येतो. शेजारीण म्हणाली, "एवढं काय पाहता पानांत?" मी म्हटलं, "शिरा." तिनं कपडे वाळत घालणं चालू ठेवलं. तिचं झाड स्वच्छ होतं. ते पाहून मला बरं वाटलं आणि त्याच वेळी एका माणसाचा घामानं भिजलेला सदरा आठवला. तो आठवूनही बरंच वाटलं.

तो सदरा वेंकोबा रावांचा. माझ्या चुलत बहिणीचे, सीताचे, ते यजमान. सीता लहानपणापासून आमच्याच घरात वाढली, राजवाड्यामागच्या गल्लीत. माझी थोरली बहीण रुक्मिणी, जिला सगळे रुकुअक्का म्हणत, तिची सीताशी जास्त मैत्री. अक्का मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती. मी तिरुचीच्या एका दैनिकात उपसंपादक होते, सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळी परत. हा काळ नव्वदीच्या मध्यावरचा. गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ आला होता, घराघरांत केबलची काळी वायर शिरली होती, आणि वेंकोबा राव सरकारी नोकरी सोडून तिरुवैयारुच्या रस्त्यावरच्या आपल्या घरीच नर्सरीवाले झाले होते. "आतां सगळं खुलं झालं," असं ते मोपेडवरून उतरता उतरता म्हणत. काय खुलं झालं, हे त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांच्याकडे पाहून ते खरं वाटायचं.

आमच्या गल्लीतल्या मराठी घरांची एक रीत इथं सांगायला हवी. मुलीच्या आंदणात भांड्यांच्या शेवटी लिंबाचं गुटी कलम ठेवत. माहेरच्या झाडाची एक फांदी निवडायची, बोटभर रुंदीची साल गोल सोलायची, ओली माती आणि नारळाचा काथ्या बांधायचा. मुळं फुटली की फांदी कापून कुंडीत. मग सासरी ते झाड वाढायचं आणि पहिलं पीक आलं की सासरचे लोक त्याच झाडाचं एक कलम उलट माहेरी पाठवायचे. त्याला परतीचं कलम म्हणत. मुलगी तिथं रुजली, याची ती पोच. परतीचं कलम तपासून घेत नसत. त्याचं पान उलटून पाहणं म्हणजे व्याह्यांच्या दानतीवर बोट ठेवणं.

सीताचा हातगुण प्रसिद्ध होता. तिनं बांधलेली गुटी वाया जात नाही, असं सगळी गल्ली मानायची. कुणाच्या घरी लग्न ठरलं की तीन महिने आधी निरोप यायचा, सीतेला पाठवा. ती यायची, पदर खोचायची, सुरी चुलीवर धरून घ्यायची आणि फांदीशी काहीतरी पुटपुटत साल काढायची. काय पुटपुटतेस, असं मी एकदा विचारलं. "दुखणार नाही म्हणून सांगतें," ती म्हणाली. "लहान मुलांना सांगतात तसं. खोटंच."

तिच्या स्वतःच्या लग्नातलं कलम सासरच्या अंगणात चांगलं वाढलं होतं. परतीचं कलम मात्र पंधराएक वर्षं आलंच नाही. वेंकोबा रावांच्या बदल्या होत राहिल्या, राहून गेलं. नर्सरी काढल्यावर त्यांनी ते भरून काढलं. एका सकाळी गल्लीत टेम्पो आला. त्यात काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांतली साठ रोपं. सीताच्या झाडाचे डोळे काढून ते दुसऱ्या खुंटांवर भरलेले. प्रत्येक रोपाला रंगीत लेबल, त्यावर राजवाड्याचा मनोरा आणि नाव, 'पॅलेस लेमन'. अंगणातल्या झाडाला ते आता मातृवृक्ष म्हणत. आमचे वडील, अप्पा, दारात उभे राहून लेबल वाचत राहिले.

"हें इतकें कशाला, जावईबापू?"

"परतीचें कलम, मामा. एक पाठवायचें होतें, उशीर झाला. व्याज धरून साठ."

सगळे हसले. अप्पांनी तिरुवैयारुजवळच्या नदीकाठच्या जमिनीतली केळी काढून तिथं ती साठ रोपं लावली. कुणी पान उलटून पाहिलं नाही. अक्कानंही नाही. हे तिनं स्वतःला पुढं कधी माफ केलं नाही, आणि मीही तिच्या वतीनं करणार नाही. तिला पान वाचता येत होतं. पण आलेलं होतं परतीचं कलम.

तिसऱ्या वर्षी नदीकाठच्या झाडांची पानं चमच्यासारखी वर वळली. शेंडे वाळू लागले. फळं आली ती सुपारीएवढी, आत रस नाही. अक्कानं एका खोडाची साल नखानं सोलली तर आतल्या लाकडावर ओळीनं बारीक खळगे होते, टाचणी टोचून ठेवल्यासारखे. तिनं पान उन्हाशी धरलं आणि बराच वेळ हात खाली घेतला नाही.

"जस्त कमी पडतंय," वेंकोबा राव म्हणाले. त्यांनी फवारणीची बाटली पाठवली. फवारणी झाली. दुसरी बाटली आली. अक्का म्हणाली, "भाओजी, हा विषाणू आहे. फवारून जात नाही." ते म्हणाले, "रुकु, कॉलेजातलें कॉलेजात ठेव."

अक्कानं मला जे समजावलं ते असं. हा विषाणू झाडाच्या सालीतल्या अन्नवाहिन्यांत राहतो. मावा रोगी पालवीचा रस पितो, उडून दुसऱ्या झाडावर बसतो, तिथं सोंड खुपसतो. तेवढं पुरतं. रोगी झाडाचा डोळा काढून दुसऱ्या खुंटावर भरला की रोग त्या डोळ्याबरोबर जातो. गुटीनंही जातो. माणूस जितक्या हौसेनं झाड वाटतो तितक्या वेगानं तो पसरतो. औषध नाही. काही झाडं वर्षानुवर्षं तो अंगात बाळगून ठणठणीत दिसतात आणि त्यांच्याच फांद्या लोक मागून नेतात. एकच वाट तो सहसा धरत नाही, ती म्हणजे बी. रोगी लिंबाच्या बीतून उगवलेलं रोप स्वच्छ असतं.

नर्सरीतल्या मातृवृक्षाला तो कुठून लागला, याचा अक्कानं बांधलेला तर्क असा: वेंकोबा रावांनी कुठूनतरी लांबून साथुकुडीची, म्हणजे मोसंबीची, रोपं लॉरी भरून आणली होती आणि ती मातृवृक्षाच्या सावलीत ठेवली होती. बाकीचं माव्यानं केलं. हे अनुमान आहे. त्याचा पुरावा मिळाला नाही, म्हणून ते अनुमान म्हणूनच इथं नोंदवते.

ज्याचा पुरावा आहे ते पुढं घडलं. आमच्याकडे श्राद्धाचं जेवण होतं, पंगतीत गल्लीतले वीस-पंचवीस लोक. कुणीतरी वेंकोबा रावांना म्हणालं, तुमच्या लिंबांना काहीतरी झालंय हो, माझीही वाळताहेत. ते पानावरून मान वर न करता म्हणाले, "माझ्या लिंबांना नाही. तो रोग आंदणात आला."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कळलं, आणि पंगत हसली. सीता सार वाढत होती. तिची पळी थांबली नाही. तिनं त्यांच्या पानावरही सार वाढलं, भाताच्या बरोब्बर मधोमध.

तो विनोद होता. पण चालला चांगला, म्हणून त्यांनी ठेवून घेतला. तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते तेच सांगू लागले. मूळ झाड बायकोच्या माहेरचं, राजवाड्यामागचं, जुनंच दुखणं असणार. माझा काय दोष? सहा महिन्यांत गल्लीतून सीताला निरोप येणं बंद झालं. एका घरी लग्न झालं, गुटी दुसऱ्याच बाईनं बांधली. ती जगली नाही, पण तरीही पुढच्या घरी सीताला बोलावलं नाही. हातगुण गेला की तो गेल्याचं कोणी सांगायला येत नाही.

तैच्या आधीचा मार्गळी महिना लागला. पहाटे देवळातले कर्णे, दारात कोलमची रांगोळी, शेणाच्या गोळ्यात खोचलेली भोपळ्याची फुलं, आणि सकाळी नऊपर्यंत पाठीला बोचणारी थंडी. तंजावुरात याहून जास्त थंडी पडत नाही. अशाच एका सकाळी सीता टाउन बसनं आली. तिच्या मुलीचं, कमलाचं, लग्न तैनंतरच्या मासी महिन्यात ठरलं होतं. हातात कापडाचं पुडकं.

"रुकु, कमलेचीं ब्लाउज पिसें आणलीं. माप घे."

"मी कुठे शिवते?"

"घे म्हणतें ना."

अक्कानं पुडकं उघडलं. ब्लाउज पिसांच्या आत ओलं केळीचं पान, पानात पेन्सिलीएवढ्या जाड डोळकाड्या, म्हणजे कलमाचे डोळे असलेल्या काड्या, पानं छाटलेल्या. सीतानं मातृवृक्षावरून पहाटे स्वतः कापल्या होत्या.

"तूच म्हणाली होतीस, बीच्या रोपावर परीक्षा घेतां येते."

"येते. पण फक्त ह्याच झाडाची घेतली तर अर्धीच होईल." अक्का परसाकडे पाहत होती. तिथं आमचं मूळ लिंबाचं झाड उभं होतं, ज्याचं कलम सीताबरोबर गेलं होतं. "आपल्या झाडाचीही घ्यावी लागेल. आणि त्यांत निघालें तर?"

सीतानं बांगड्या वर सारल्या. "निघालें तर त्यांचें खरें. मग मी उरलेलें आयुष्य ऐकून घेईन. नाहीं निघालें तर..." तिनं पदर खोचला. "सुरी कुठें आहे?"

कॉलेजच्या प्रात्यक्षिकासाठी अक्कानं कागदी लिंबाची रोपं बीपासून वाढवलेली होती. मोठं झाड विषाणू लपवू शकतं, हे कोवळं रोप लपवू शकत नाही, म्हणून परीक्षेला तेच घेतात. सहा कुंड्यांत मातृवृक्षाचे डोळे भरले, सहांत आमच्या झाडाचे. दोन कुंड्या तशाच ठेवल्या. डोळे सीतानं भरले. खोडावर उभी आणि आडवी चीर, साल दोन्हीकडे उचलायची, डोळा आत सरकवायचा, पट्टीनं आवळायचं. मग रोपाचा शेंडा छाटायचा, म्हणजे नवी पालवी येते आणि पालवीत खरं-खोटं दिसतं. या वेळी ती काही पुटपुटली नाही.

मावा बसू नये म्हणून गच्चीवर दोरी बांधून जुनी मच्छरदाणी टांगली आणि चौदा कुंड्या तिच्या आत ठेवल्या. अक्कानं पत्र्याच्या तुकड्यांवर खिळ्यानं देवनागरीत नावं कोरली. आमच्या गल्लीत सगळे मराठी बोलतात, पण देवनागरी वाचता येणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. वेंकोबा राव त्यांत नव्हते. अक्कानं हे जाणून केलं. तै महिन्यात ते लग्नाच्या आमंत्रणांसाठी आले तेव्हा गच्चीवर चढलेच.

"हें काय, डासांना अंथरूण घातलें आहे?"

"कॉलेजचें काम," अक्का म्हणाली.

त्यांनी वाकून जाळीतून एक पत्रा पाहिला. त्यावर 'मातृवृक्ष ४' असं लिहिलेलं होतं. "मंत्र लिहिला आहेस वाटतें," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "काय पेपरवाली, ह्यावर बातमी कर. तंजावुरचे डास संस्कृत शिकले." ते मनापासून हसले. मीही हसले. ते हसणं मला पुढं पुरून उरलं.

त्या दिवसांची सकाळ अजून अंगावर आहे. मच्छरदाणीवर दव साचायचं आणि ऊन आलं की जाळीचा प्रत्येक डोळा चमकायचा. आत शिरायचं तर गुडघ्यांवर. ओल्या मातीचा वास, लिंबाच्या पानाचा वास, खालून कॉफीच्या फडक्याचा वास. अक्का पान न तोडता धरायची, मी तिच्या खांद्यावरून पाहायची. काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. थंडी उतरायच्या आत पालवीनं बोलायला हवं होतं. उन्हाळ्यात हे डाग झाकले जातात आणि परीक्षा वाया जाते. सीता दर आठवड्याला काही ना काही निमित्तानं येई. गच्चीवर चढे, जाळीबाहेर बसे. आत येत नसे.

तिची घाई मला कळत होती, तिची शांतता कळत नव्हती. सूड म्हटलं की मी तोवर आरडाओरडा समजत होते. बातम्यांत तसाच येतो तो, कोयत्याबरोबर. इथं एक बाई भिंतीला टेकून पानं फुटायची वाट पाहत होती. विषाणूला राग नसतो, तो कुणाला धडा शिकवायला निघत नाही. त्याच्याकडून शिकण्यासारखं एवढंच, की शिरण्याची जागा लहान असली तरी चालते.

मासी लागायच्या आठवड्यात मातृवृक्षाच्या दुसऱ्या कुंडीत पहिलं पान बोललं. मधल्या शिरेला लागून दोन तुटके पारदर्शक ठिपके. चार दिवसांत आणखी तीन कुंड्या, मग पाचवी. सहाव्या कुंडीतला डोळा मेला होता, तिचं काही धरलं नाही. आमच्या झाडाच्या सहाही कुंड्या स्वच्छ. हात न लावलेल्या दोन्ही स्वच्छ. अक्कानं पंधरा दिवस आणखी थांबायला लावलं, रोज पाहिलं, रोज लिहिलं. मग तिनं सीताला जाळीत बोलावलं. सीता गुडघ्यांवर आत आली. अक्कानं तिला पान धरून दाखवलं आणि मग आमच्या झाडाच्या कुंड्यांकडे बोट केलं. सीतानं सहाही कुंड्यांची पानं एकेक करून स्वतः पाहिली. शेवटचं पाहून झाल्यावर म्हणाली, "आतां मला एक कॉफी दे."

मी म्हटलं, मी हे छापते. माझ्या वरिष्ठांना विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले होते, कोण म्हणतं ते सांग, शेतकी खातं म्हणतं का? लिंबाचं पान काही निवेदन देत नाही. अक्का म्हणाली, मी खात्याला लिहिते. सीतानं दोघींना ऐकून घेतलं.

"पेपर किती लोक वाचतात आपल्या गल्लींत?"

"चार-पाच घरं."

"त्या दिवशीं पंगतींत वीस-पंचवीस जण हसले होते. ते सगळे लग्नाला येणार आहेत." तिनं कॉफीची वाटी, दवरा, खाली ठेवली. "कागदावर नक्को. मांडवांत."

अक्का उभी राहिली. "सीते, कमलेचें लग्न आहे तें. विहीणबाई काय म्हणतील? मोडलें तर?"

"आंदणांत कमलेबरोबर त्याच झाडाचें कलम जायचें आहे. ह्यांनीं कुंडी रंगवून ठेवली आहे. रोगी झाड देऊन मुलगी पाठवूं? मग तिलाही कोणी एक दिवस म्हणेल, आंदणांत आला." आणि मग, पहिल्यांदा आवाज चढवून, "मला ह्यांना हसतांना पाहायचें आहे, रुकु. हसत असतांना थांबलेले पाहायचें आहे."

अक्का जाळीत शिरली. एक स्वच्छ, हात न लावलेली कुंडी तिनं स्वतः पुसून दिली.

मंगल कार्यालयात पाठवणीच्या आधी आंदण मांडलं. पितळी समया, पातेली, मिक्सर, प्रेशर कुकर, आणि शेवटी लाल रंगवलेल्या कुंडीत मातृवृक्षाचं गुटी कलम, लेबलासकट. वेंकोबा राव रेशमी धोतरात उभे होते, नर्सरीची गिऱ्हाइकं त्यांच्याभोवती. सीता पुढं आली, लाल कुंडी उचलून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी मातीची साधी कुंडी ठेवली.

विहीणबाई पोस्टात नोकरीला होत्या, चष्म्यातून नीट पाहणाऱ्या. "हें कोणतें?"

"बीचें रोप आहे, विहीणबाई. कलम देत नाही. आमच्या घरचें झाड रोगी आहे."

"थट्टा करते," वेंकोबा राव हसले. "बाईमाणसांची थट्टा. ती दुसरी कुंडी ठेवा."

सीतानं लाल कुंडी उचलली आणि मांडवाच्या कडेला, जिथं कनात सुटून ऊन आत येत होतं, तिथं नेली. एक कोवळं पान दोन बोटांत धरलं. "इकडे या विहीणबाई. शिरा पाहा." विहीणबाई गेल्या. त्यांच्यामागून दहा-बारा जण. "पांढरे तुकडे दिसतात?"

"दिसतात बाई."

"हा तो रोग. ह्यांच्या मातृवृक्षांत आहे. माझ्या माहेरच्या झाडांत नाहीं. दोन्हींची परीक्षा घेतली आहे, कुंड्या रुकुच्या गच्चीवर आहेत, कोणींही येऊन पाहा. आंदणांत आला नाहीं तो. आमच्या नर्सरींत आला."

वेंकोबा राव अजून हसत होते. चेहऱ्यावर हसू राहिलं होतं, आतून माणूस निघून गेला होता. मग गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ, ज्यांची चाळीस झाडं वाळली होती, शांतपणे म्हणाले, "तर मग वेंकोबा, आमच्याकडून दोन वर्षें जस्त कशाला फवारवलेंस रे?"

या वेळीही लोक हसले. मोठ्यानं हसले. मी सीताकडे पाहत होते. तिनं वेंकोबा रावांकडे पाहिलं आणि नजर काढली नाही.

कमला रडायच्या बेतात होती. विहीणबाईंनी मातीची कुंडी उचलून कडेवर घेतली. "फळ केव्हां येईल?"

"पांच-सहा वर्षें लागतील."

"लागूं देत. तोंवर सुनेला पाहीन." आणि व्याह्यांकडे वळून, "मिक्सर तरी निरोगी आहे ना, राव?"

पुढचे दोन आठवडे आमच्या जिन्यावर लोकांची रीघ होती. अक्का प्रत्येकाला गुडघ्यांवर जाळीत नेई आणि पान धरायला शिकवी. नर्सरीकडे कुणी फिरकेना. आमच्या नदीकाठची साठ झाडं उपटून जाळली. ओल्या लिंबाच्या लाकडाचा धूर गोड असतो, तो दोन दिवस साडीला होता. ज्यांच्याकडे झाडं होती त्यांनी काहींनी उपटली, काहींनी ठेवली. माणसं मरतं झाडही सावलीसाठी ठेवतात.

पूर्ण हिशेब द्यायचा तर हेही लिहायला हवं, की सीताला गुटी बांधायला पुन्हा कोणी बोलावलं नाही. राग नव्हता कुणाचा. तिनंच सगळ्यांना कलमाची भीती शिकवली होती. आता आंदणात बीचं रोप जातं, बऱ्याच घरांत तेही नाही, आणि परतीचं कलम म्हणजे काय हे आमच्या घरातल्या मुलांना समजावून सांगावं लागतं. आमचं परसातलं मूळ झाड पुढं काही वर्षांनी वठलं. कशानं, ते आम्ही तपासलं नाही. त्या वर्षी ते स्वच्छ होतं, एवढं मी सांगू शकते.

सीताला पश्चात्ताप झाला का, असं मला लोक विचारतात. मी तिला विचारलेलं नाही. माझ्यापुरतं सांगते. एका माणसाचा धंदा त्या मासी महिन्यात बसला, त्याला भर मांडवात त्याच्या बायकोनं उघडं पाडलं, आणि मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. लिंबाचा वास आला की माझ्या जिभेला पाणी सुटतं ते सगळं लिंबामुळे नाही.

लग्नानंतर पंधरवड्यानं अक्का आणि मी त्यांच्या घरी गेलो. आणखी बीची रोपं द्यायची होती. मासी संपतानाचं ऊन, अकराचा सुमार. अंगणात वेंकोबा राव कुऱ्हाड घेऊन मातृवृक्षाशी उभे होते. फांद्या आधीच पडल्या होत्या. सीता ओसरीवर पाटावर बसून सांबाराचे छोटे कांदे सोलत होती. आम्ही तिच्या शेजारी बसलो. बुंधा गुडघ्याएवढा राहिला तेव्हा त्यांनी कुऱ्हाड टेकवली. सदरा पाठीला चिकटला होता.

"झालें," ते म्हणाले.

"मुळें?" सीता म्हणाली.

"वाळतील आपोआप."

"फुटतील. रुकु, फुटतात ना?"

"फुटतात," अक्का म्हणाली. "रोगासकट."

"उद्यां माणूस लावून काढतों."

"आजच. तुम्हींच."

त्यांनी अक्काकडे पाहिलं. अक्का कांदा सोलायला घेऊन खाली पाहू लागली. ते गेले आणि पहार-कुदळ घेऊन आले. माती कठीण होती. वीसेक वर्षांची मुळं चारही दिशांना गेलेली. कुदळ मुळावर बसली की बोथट आवाज यायचा आणि हिरवट वास उठायचा. अर्ध्या तासानं ते कमरेवर हात ठेवून वळले. सीताकडे त्यांनी मागितलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"पेपरवाली, एक तांब्या पाणी दे गं."

मी उठले. तांब्या दाराशीच भरलेला होता.

"बस," सीता म्हणाली. तिचा आवाज साधा होता, कांदे किती घेऊ असं विचारावं तसा. "खड्डा होऊं दे आधीं."

त्यांनी ऐकलं. आमच्याकडे पाठ केली आणि कुदळ उचलली.

मी बसले.